आखातातली नोकरी आणि आपली नावे
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आम्ही काही भाषणे करणाऱ्यांतले नव्हे. पंचवीस वर्षे दुबईत आणि अबू धाबीत रात्रपाळ्या केल्या. वॉर्डात हळू बोलायची सवय लागली, तेव्हा मागच्या मंडळींना ऐकू आले नाही तर हात वर करावा. कमिटीने आखाताच्या आठवणी सांगा म्हटले. आम्ही नावांविषयीच सांगणार आहोत, कारण तिथे आमच्या डिप्लोम्यापेक्षा आमच्या नावाचीच तपासणी जास्त झाली.

आपल्या लोकांना दोन-दोन नावांची सवय जुनी. कुलाबा जिल्ह्यात शनवार तेली म्हणून राहिलेल्या आपल्या वाडवडिलांनी शमुवेलचे समाजी केले, यहेज्केलचे हसाजी केले, आणि आडनाव गावावरून घेतले. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे केहिमकर. पुढे मुंबईत इंग्रजी नोकऱ्या आल्या तेव्हा कित्येकांनी ‘कर’ गाळून बापाचे नाव शेवटी लावले. 1937 साली मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलिजा मोझेस हे राजपूरकर. रस्त्याच्या पाटीवर मात्र डॉ. ई. मोझेस एवढेच आहे. सिनेमातले डेव्हिड हे चेऊलकर. हे सगळे राजीखुशीने झाले. आमचे तसे नव्हते.

1990 साली आम्ही नोकरीसाठी फोर्टातल्या एका एजंटाकडे गेलो. सर्टिफिकिटे त्याने वरवर पाहिली. पासपोर्टाचे शेवटचे पान उघडले आणि बोट ठेवले. वडिलांचे नाव : इस्राएल. म्हणाला, “सिस्टर, हे नाव घेऊन मी कागद पाठवणार नाही.” अमिरातीत इस्रायलशी व्यवहाराला बंदी करणारा 1972 चा कायदा होता. तो देशाविषयी होता, अलिबागजवळ जन्मलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाविषयी नव्हता, पण एजंटाशी कोण वाद घालणार? घरात धाकट्या दोघांची शिक्षणे व्हायची होती.

बाबांना सांगायला आम्हाला दोन दिवस लागले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “याकोब लिही. देवाने त्याला इस्राएल नाव दिले, तरी पुढे मिसरात जाताना याकोब म्हणूनच हाक मारली ना? माणूस तोच.” त्यांनी स्वतः अॅफिडेव्हिट केले, गॅझेटात छापून आणले. आमचा नवा पासपोर्ट आला. त्या नावाचा उपयोग त्यांना स्वतःला कधी झाला नाही. रेशनकार्डावर, पेन्शनबुकात ते होते तेच राहिले.

दुबईत पहिल्या दिवशी फॉर्म आला. स्वतःचे नाव, बापाचे, आजोबाचे, मग कुळाचे. अरबीत ‘प’ नाही, म्हणून आमच्या पेणचे बेन झाले आणि आम्ही सही करायला शिकलो ती ‘बेनकार’ या नावापुढे. पण ‘बिन्त याकूब’ पाहून कारकून खूश झाला. त्याच्या भावाचे नाव याकूब होते. वॉर्डात मलयाळी मुली भरपूर. मरियम्मा, साराम्मा, एलियाम्मा. आमचे नाव ऐकून त्या आम्हाला आपल्यातलेच समजल्या आणि कोणत्या चर्चच्या म्हणून विचारू लागल्या. आम्ही “मुंबईच्या” म्हणत असू. हे उत्तर नव्हे, आम्हालाही कळत होते.

एक धंद्यातली गोष्ट सांगतो. एकाच वॉर्डात तीन फातिमा आणि चार मोहम्मद असायचे. नव्या मुलींना आम्ही शिकवायचो की गोळी देताना “तुम्हीच फातिमा ना?” असे कधी विचारू नये. गुंगीत असलेला पेशंट कशालाही हो म्हणतो. “तुमचे नाव काय?” असे विचारावे, त्याच्या तोंडून वदवावे, मग हातावरचा पट्टा आणि जन्मतारीख पाहावी. 2007 साली जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णसुरक्षेचे जे नऊ उपाय सांगितले त्यांत पेशंटची ओळख नीट पटवणे हा एक होता. आणि आम्ही स्वतः? जो ज्या नावाने विचारी त्याला हो म्हणत होतो.

2001 साली बाबा गेले. धाकट्या भावाने फॅक्स केला, डॉक्टरांच्या दाखल्यासकट. ऑफिसातल्या बाईंनी फॅक्स आणि आमची फाइल शेजारी ठेवली. “सिस्टर, हे तुमचे वडील नाहीत. तुमच्या वडिलांचे नाव याकूब आहे.” रजा आईवडील, नवरा आणि मुले यांच्यासाठीच होती. खरे सांगायचे तर आम्हाला तोंड होते. गॅझेटाचा कागद ट्रंकेत होता; पण तो दाखवला असता तर मूळ नाव तिथल्या फाइलीत गेले असते. आम्ही म्हटले, “काका आहेत.” काकांसाठी बिनपगारी पाच दिवस मिळाले. तिकीट मिळून घरी पोचलो तेव्हा शिव्हाचा चौथा दिवस होता. आईने विचारले, “एवढा उशीर का झाला?” आम्ही विमानाचे कारण सांगितले.

2020 च्या ऑगस्टात अमिरातीने तो 1972 चा कायदा रद्द केला, सप्टेंबरात करार झाला. 2023 साली अबू धाबीत सादियात बेटावर मशीद, चर्च आणि मोशे बेन मैमोन यांच्या नावाचे प्रार्थनालय एकाच आवारात उघडले. ज्या शहरात आम्ही शुक्रवारी संध्याकाळी खोलीची खिडकी लावून दिवे पेटवत होतो, त्या शहरात! ऐकून आनंद झाला, थोडा रागही आला. म्हाताऱ्या माणसांनी तेवढे म्हणावे. नावांची कटकट मात्र तिथे चालूच आहे. 2022 च्या नोव्हेंबरात तिथे फिरायला जाणाऱ्या हिंदी माणसाच्या पासपोर्टावर एकच शब्दी नाव असेल तर प्रवेश नाही असे निघाले. मग दुसऱ्या पानावर बापाचे किंवा कुळाचे नाव असले तर चालेल असा खुलासा झाला.

आम्ही निवृत्त झाल्यावर इथे आलो, तेव्हा कागद त्याच पासपोर्टावरून झाले. म्हणजे ज्या देशाचे नाव बाबांना होते त्याच देशाच्या ओळखपत्रावर आम्ही अजून याकोबच्या मुली आहोत. हश्काबात आम्ही इस्राएल असेच नाव देतो. ओळखपत्र दुरुस्त करण्याचा अर्ज आता भरला आहे. खिडकीवरच्या मुलीने बाबांच्या मृत्यूचा दाखला मागितला. तो भाच्याला मुंबईहून पाठवायला सांगितले आहे. गॅझेटाचा कागद आम्ही ट्रंकेतून काढून ठेवला आहे.