हरलेल्या निवडणुकीचा हिशेब

टेक्सासची राज्य सिनेटर वेंडी डेव्हिस 2013 च्या जूनमध्ये सभागृहात अकराएक तास उभी राहून बोलली. गर्भपातावर जाचक अटी घालणारं विधेयक तिला रोखायचं होतं. बसायचं नाही, टेकायचं नाही, पाणी नाही, लघवीलाही जायचं नाही! नियमावर बोट ठेवून तिला थांबवलं, तेव्हा गॅलरीतल्या बायकांनी ओरडून मध्यरात्र उलटवली. विधेयक बारगळलं. जुलैत पुन्हा आणून मंजूर केलंच.

2014 मध्ये ती गव्हर्नरपदासाठी लढली (हे पद तिथे थेट लोक निवडतात, कारभार आपल्या मुख्यमंत्र्यासारखा). ग्रेग ॲबट यांनी तिला सुमारे 20 टक्के मतांच्या फरकाने हरवलं. त्यासाठी सोडलेली सिनेटची जागाही विरोधी पक्षाने घेतली. उमेदवारीच्या उत्साहात हा हिशेब आपणही मांडत नाही.

तोवर गर्भपाताचे निम्म्याच्या आसपास दवाखाने बंद पडले होते. ते चालवणाऱ्या बायका कोर्टात गेल्या आणि 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने मुख्य अटी रद्द केल्या. हा विजय निवडणुकीबाहेरचा. पण तोही टिकला नाही. 2022 मध्ये, न्यायाधीश बदललेल्या त्याच कोर्टाने गर्भपाताचा घटनात्मक हक्कच काढून घेतला. न्यायाधीश नेमतं कोण? निवडून आलेलेच.