मातीचे शिल्पी



आपल्याकडे चौकात काही उभारावयाचे म्हटले की थोर पुरुषाचा पुतळाच डोळ्यांसमोर येतो. थोरांविषयी मलाही आदर आहे. परंतु ‘शिल्प’ या शब्दाचा जुना अर्थ कोणतीही हस्तकला असा आहे. मूर्तिकाराइतकाच कुंभारही शिल्पी! पुढे अर्थसंकोच झाला आणि कुंभार त्या शब्दाबाहेर राहिला.

खानापूरकरांना हे विसरून चालणार नाही. मलप्रभेच्या या परिसरातील मातीने मडकी, विटा आणि कौले दिली. खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्था येथे आहे, ती उगाच नव्हे. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि साच्यातील मंगळुरी कौल सर्वत्र पसरले. पुढे सिमेंटच्या स्लॅबने कौलांचे दिवस मावळवले.

लहानपणी घर शाकारताना वडिलांनी एक नळीचे कौल माझ्या हाती दिले. ओल्या मातीत उमटलेली चार बोटे भट्टीत पक्की झाली होती. मी माझी बोटे त्या खुणांवर ठेवून पाहिली. ती लहान पडली. ती बोटे कोणाची, हे विचारण्याचे मात्र मला सुचले नाही. माझी हयात जुन्या ग्रंथांचे कर्ते शोधण्यात गेली. ज्या छपराखाली पहिली अक्षरे गिरवली, त्याचा कर्ता मी कधी शोधला नाही. ही खंत आज आपल्यापुढे बोलून दाखवितो.

इंग्लंडमधील डार्लिंग्टनचे नाव १८२५ च्या रेल्वेमुळे इतिहासात गेले. तेथे १९९७ मध्ये डेव्हिड मॅक या शिल्पकाराने सुमारे १,८५,००० विटांची आगगाडी उभारली. तीत राजा नाही, सेनापती नाही. आहे तो गावाचा उद्योग. मुंबईच्या हुतात्मा चौकातही मशाल आहे ती शेतकरी आणि कामगार यांच्या हाती.

खानापुरातही असे शिल्प व्हावे. माती येथलीच असावी, भाजणीही येथलीच. मात्र तळाशी उद्‌घाटकाचे नाव नको. माती मळणाऱ्यांची, चाक फिरविणाऱ्यांची, भट्टी लावणाऱ्यांची नावे हवीत, मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत. शिल्पाला निधी लागेल, वेळ लागेल. नावे गोळा करण्यास केवळ एक वही लागते. ती नावे ठाऊक असलेली माणसे आता थकली आहेत. विद्यार्थीमित्रांनो, आज घरी गेल्यावर आजोबा-आजींना विचारा आणि पहिले नाव लिहून काढा.