दळण सुटलं, पुढे काय?



मागच्या महिन्यात आम्ही रेडिओच्या बायका जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायला एका गावात गेलो होतो. ओव्या म्हणून झाल्या, चहा झाला, आणि एक आजी सहज म्हणाल्या, “गिरणी आली तेव्हा वाटलं, सुटलो गं बाई. पण दळण गेलं आन् त्या जागी दुसरं काम आलं. माझा वेळ माझ्या हाती कुठं आला?”

परतीच्या एसटीत आम्ही त्याच वाक्यावर बोलत होतो. तेव्हा ठरलं, की आज तुम्हाला एका लांबच्या देशातल्या दळणाची गोष्ट सांगायची. देशाचं नाव मेक्सिको. अमेरिकेच्या दक्षिणेला लागून आहे.

लांबचा म्हटलं तरी हा देश आपल्या चुलीपाशीच बसलेला आहे बरं का. मका मूळचा तिथला. मिरची तिकडची. टोमॅटो हे नावसुद्धा तिथल्या जुन्या भाषेतून आलेलं. दसऱ्याला आपण दाराला लावतो तो झेंडूही तिकडचाच. पोर्तुगीज लोक समुद्रातून आले, त्यांच्या जहाजांतून मिरची आपल्याकडे पोचली. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे काळी मिरी. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला गेलेल्या माणसांची आठवण करतात. घरात फोटो मांडतात, त्यांच्या आवडीचं जेवण ठेवतात आणि झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, म्हणजे त्यांना घर सापडावं. आपल्या पितरांच्या पानाची आठवण होते की नाही?

आता मक्याकडे येऊ. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या दक्षिण भागातल्या लोकांनी एका रानगवतातून मका घडवला. चांगलं कणीस निवडायचं, त्याचं बी जपायचं, पुन्हा पेरायचं, असं पिढ्यान् पिढ्या चाललं. तिथली रोजची भाकरी मक्याचीच. पातळ असते, तिला तोर्तिया म्हणतात.

पण ही भाकरी सोपी नाही. मक्याचे दाणे आधी चुन्याच्या पाण्यात शिजवायचे. रात्रभर तसेच ठेवायचे. सकाळी चोळून धुवायचे, म्हणजे साल निघतं. मग ओले दाणे दगडावर वाटायचे. आपल्या पाटा-वरवंट्यासारखाच तो दगड, फक्त उतरता आणि तीन पायांचा. त्याच्यासमोर गुडघे टेकून बसायचं आणि सगळं अंग पुढेमागे करत वाटायचं. चुन्यामुळे मक्यातलं एक महत्त्वाचं जीवनसत्त्व अंगी लागतं. पुढे युरोपात लोकांनी मका नेला, पण चुन्याची रीत नेली नाही. जिथे गरीब लोक नुसत्या मक्यावर राहिले, तिथे कातडी सोलवटणारा पेलाग्रा नावाचा आजार पसरला. म्हणजे या बायकांच्या हाताला जे ठाऊक होतं, ते शिकलेल्यांना फार उशिरा कळलं.

पण या शहाणपणाची किंमत बाईच्या गुडघ्यांनी मोजली. ओलं पीठ लगेच आंबतं, म्हणून दळण रोजच्या रोज. रोज चार ते सहा तास! पहाटे अंधारात उठायचं, कारण नवऱ्याला शेतावर जाताना ताजी तोर्तिया हवी.

देशावर काय काय येऊन गेलं! १५१९ साली स्पॅनिश लोक आले. १५२१ मध्ये त्यांनी मोठी राजधानी पाडली. देवीच्या साथीत माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. तीनशे वर्षं परक्यांचं राज्य राहिलं, १८२१ मध्ये देश सुटला. भाषा बदलली, धर्म बदलला. बाई मात्र त्या दगडापुढेच गुडघे टेकून होती.

मग १९१० साली क्रांती झाली. मोरेलोस नावाच्या प्रांतात उसाच्या बड्या जमीनदारांनी गावांच्या जमिनी गिळल्या होत्या. त्या परत घ्यायला एमिलियानो सापाता हा शेतकरी उभा राहिला. या लढाईत बायका हजारोंनी होत्या. काही बंदूक घेऊन लढल्या. बाकीच्या सैन्याबरोबर चालत, आगगाडीच्या टपावर बसून जात आणि मुक्काम पडला की चूल पेटवत. सैन्य जेवलं ते त्यांच्या हातचं.

क्रांतीनंतर गावोगाव गिरण्या येऊ लागल्या. ओला मका घमेल्यात घेऊन जायचा, काही मिनिटांत पीठ होऊन मिळायचं. बायकांना आनंद झाला असेल असं आपल्याला वाटतं. पण याच मोरेलोस प्रांतात तेपोस्त्लान नावाचं गाव आहे. ऑस्कर लुईस नावाच्या अभ्यासकानं १९४०च्या दशकात तिथे राहून गावाची हकिकत लिहिली. त्यात आहे, की १९२०च्या दशकात गावात पहिली गिरणी आली आणि पुरुषांच्या विरोधामुळे ती चाललीच नाही. गिरणीच्या पिठाला चव नाही, म्हणे. बायका रांगेत उभ्या राहून चकाट्या पिटतील. रिकाम्या बायका बिघडतील. आणि गिरणीला रोख पैसे लागतात, ते कुणी द्यायचे? थोड्या वर्षांत दुसरी गिरणी आली. या वेळी बायका हटल्या नाहीत आणि ती टिकली. पुरुषांच्या सत्तेविरुद्ध बायकांनी केलेली ही क्रांतीच, असं पुढे गावातच म्हणू लागले.

आपल्या गिरणीची आठवण झाली ना? पण आजींचा प्रश्न अजून बाकी आहे. तास वाचले, पुढे काय?

मेक्सिकोच्या बायकांना कळलं, की वेळ हातात आला तरी हक्क आपोआप येत नाही. १९३४ ते १९४० या काळात लासारो कार्देनास राष्ट्राध्यक्ष होते. त्यांनी सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन गावांना वाटली. फार मोठं काम झालं. पण जमीन मिळाली पुरुषांना. बाई विधवा असेल किंवा एकटीनं घर पोसत असेल, तरच तिचं नाव लागायचं. लग्नाची बाई शेतात राबायची, पण जमीन नाही म्हणून गावाच्या जमिनीच्या सभेत तिला मत नाही. बायकांच्या मंडळांनी सरकारकडे अर्ज केले, गिरण्या मागितल्या, काही ठिकाणी त्या चालवल्याही. आणि कितीतरी ठिकाणी भांडण लागलं, की गिरणीचा गल्ला कुणाच्या हाती?

मताचंही तसंच. १९३७ साली बायकांनी मतासाठी राष्ट्राध्यक्षांच्या घरासमोर उपोषण केलं. कायद्यातला बदल संसदेत मंजूर झाला, प्रांतांनीही मान्य केला. पण शेवटची घोषणाच झाली नाही! बायका पाद्र्यांचं ऐकून मत देतील, अशी सत्तेतल्या पक्षाला भीती होती. देशाच्या निवडणुकीत मत द्यायचा हक्क मिळायला १९५३ साल उजाडलं. गावाच्या जमिनीत बाईला पुरुषाबरोबरीचा हक्क कायद्यानं मिळाला १९७१ मध्ये. त्याच कायद्यात होतं, की गावच्या जमिनीचा एक तुकडा बायकांच्या गटासाठी राखावा, तिथे त्यांनी गिरणी, कोंबड्या, शिवणकाम असं काही चालवावं. काही गटांनी ते केलं. पुष्कळ गावांत तो तुकडा कागदावरच राहिला.

१९९२ मध्ये कायदा पुन्हा बदलला. गावची जमीन विकता येऊ लागली. ज्याचं नाव कागदावर, निर्णय त्याचा. तेव्हा अनेकींना कळलं, की आपलं नाव कागदावर नसणं म्हणजे काय असतं.

दक्षिणेला चियापास नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तिथे माया वंशाचे आदिवासी राहतात. १ जानेवारी १९९४ला तिथे उठाव झाला, सापाताच्याच नावानं. त्याच्या आधी, मार्च १९९३ मध्ये, या बायकांनी गावोगाव बैठका घेऊन स्वतःचा दहा कलमांचा कायदा संघटनेकडून मंजूर करून घेतला होता. बाईला कामाचा योग्य मोबदला मिळावा. मुलं किती, हे ती ठरवील. जबरदस्तीनं लग्न लावायचं नाही. घरच्यांनी किंवा बाहेरच्यांनी मारायचं नाही. गावच्या कारभारात तिला पद मिळावं. यात पुढाकार घेणाऱ्यांत होती रामोना, बुटकीशी, भरतकाम करणारी बाई. आणि २००१ साली एस्तेर नावाची आदिवासी बाई चेहरा झाकून देशाच्या संसदेत उभी राहिली आणि बोलली. लग्नाच्या वाटाघाटीत मुलीचं मत कुणी विचारत नाही, हे तिनं तिथे सांगितलं. आपल्याच समाजातल्या वाईट चालीही तिनं झाकल्या नाहीत.

आज मेक्सिकोच्या संसदेत साधारण निम्म्या बायका आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून क्लाउदिया शाइनबाउम या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष आहेत. म्हणून सगळं छान झालं असं नाही. बायकांचे खून तिथे थांबलेले नाहीत. त्याविरुद्ध ९ मार्च २०२० रोजी बायकांनी एक दिवस काम बंद ठेवलं. कितीतरी जणी घराबाहेर पडल्या नाहीत, कामावर गेल्या नाहीत. आम्ही नसलो तर काय होतं ते बघा, असं न बोलता सांगितलं.

तर मैत्रिणींनो, आजींना आम्ही काय उत्तर द्यायचं? आम्हाला एवढंच दिसतं, की यंत्रानं हात मोकळे होतात. पण मोकळ्या हातात काय यावं, हे बायकांनी एकत्र बसून ठरवावं लागतं, आणि पुन्हापुन्हा मागावं लागतं. जमिनीचा कागद, सभेतलं मत, गल्ल्याची किल्ली यांतलं काहीही गिरणीबरोबर आलं नाही.

पुढच्या बैठकीत आपल्या गटात हे तीन प्रश्न घ्या. आपल्या गटाच्या कर्जातून आलेली गिरणी किंवा शिलाई मशीन कुणाच्या नावावर आहे? घराच्या आणि शेताच्या उताऱ्यावर आपल्यातल्या कितीजणींची नावं आहेत? आणि दिवसातला कोणता तास खरोखर आपला आहे?

उत्तरं आम्हाला कळवा. लिहिता येत नसेल तर रेडिओच्या ताईंना सांगा, त्या रेकॉर्ड करतील. आजींनाही आम्ही ती ऐकवणार आहोत.