मोटारीचा गंजलेला तळ

जुन्या मोटारीच्या अंगावर रंगाची झिलई असली म्हणजे ती निरोगी आहे असा समज होतो. परंतु पायाखालची चटई उचलतांच पुष्कळदां खरी स्थिति उघडी पडते. १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नांवानें ओळखली गेलेली, मुंबईस कुर्ल्याला तयार झालेली मोटार २०२३ सालीं मुंबईच्या टॅक्सींतून निवृत्त झाली. तरी कांहीं घरांतून ती आजहि मायेनें जपलेली आढळते. पावसाळ्याची ओल व समुद्राची खारी हवा यांचा मारा तिच्या तळाला विशेष सोसावा लागतो.

या गाडीला निराळी चौकट नाहीं. तळ, दारांखालच्या पोकळ पट्ट्या व छप्पर हीं मिळूनच भार सोशितात. म्हणून तळाला पडलेलें भोंक म्हणजे घराच्या तुळईला लागलेली वाळवी समजावी. कित्येकजण त्यावर पत्र्याचें ठिगळ रिबिटांनीं ठोकून वर डांबर फासतात. दोन पत्र्यांमध्यें पाणी अडकतें व गंज झांकणाखालीं वाढतच राहतो. सीट ज्या पत्र्याला जखडलेली, तोच कुजला तर अपघातांत ती उखडण्याची भीति असते.

घरीं काम करणाऱ्यानें प्रथम बॅटरीची तार सोडावी, सीट व चटया काढाव्या, पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवावी व तळाखालच्या पेट्रोलच्या आणि ब्रेकच्या नळ्या पाहून ठेवाव्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखालीं कधींहि शिरूं नये. मजबूत लोखंडी घोड्यांवर ती समतोल ठेवावी.

मग हातोडीनें हलकेंच ठोकीत जावें. निरोगी पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापावें. मात्र एका वेळीं एकच बाजू, नाहींतर गाडीचें अंग वांकून दारें बसेनाशीं होतात. सुमारें एक मिलिमीटर जाडीचा नवा पत्रा, कोपरे गोल करून, बसवावा. वेल्डिंग सलग न करतां जागा बदलीत टांके द्यावे, म्हणजे उष्णतेनें पत्रा मुरडत नाहीं. जस्ताच्या मुलाम्याचा धूर अपायकारक असतो. तो मुलामा आधीं घासून काढावा. वेल्डिंगचा सराव नसल्यास तेवढ्यापुरता जाणता कारागीर घरीं बोलवावा.

शेवटीं गंजरोधक रंग द्यावा व सांधे लुकणानें बुजवावे. काचेभोंवतालचें चिरलेलें रबर बदलावें, दारांच्या तळाचीं तुंबलेलीं भोंकें मोकळीं करावीं. पाण्याची वाट तशीच राहिली, तर नवा पत्राहि जुन्याच्याच वाटेनें जातो.