आवक-जावक
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला संयोजकांनी ‘आयटीतल्या अनुभवांवर पाच मिनिटं बोल’ असं सांगितलं होतं. आयटीतले अनुभव तुम्ही आपापल्या मुलांकडून रोज ऐकताच. म्हणून मी आज यवतमाळातल्या एका फळ्याबद्दल बोलणार आहे.

तुमच्यापैकी बरेच जण आमच्या क्वार्टरवर येऊन गेलेले आहात. माझे बाबा कॉलेजात आवक-जावक लिपिक होते. आलेला प्रत्येक कागद बारनिशीत चढवायचा, त्याला क्रमांक द्यायचा, आणणाऱ्याला पोच द्यायची आणि कागद योग्य टेबलावर पाठवायचा, हे त्यांचं काम. तीच पद्धत त्यांनी वसाहतीत आणली. नळाजवळच्या कडुनिंबाला कॉलेजातून बाद झालेला एक फळा टांगला, मधोमध रेघ ओढली. डावीकडे ‘आवक’, उजवीकडे ‘जावक’. दर रविवारी संध्याकाळी खडूनं आठवड्याच्या बातम्या लिहायचे.

आवक म्हणजे बाळ, नवी सून, बदलून आलेलं कुटुंब. जावक म्हणजे बदली, लेकीचं लग्न, निवृत्ती आणि मृत्यूसुद्धा. प्रत्येक बातमीला एकच ओळ, आणि कोणाच्याही नावापुढे हुद्दा नाही. प्राध्यापकांच्या घरची बातमी आणि प्रयोगशाळेतल्या परिचराच्या घरची बातमी एकाखाली एक असायची.

त्या फळ्यावर वर्षभराचे ऋतू दिसत. मृग लागला की लिपिक, शिपाई काका गावाकडे निघत, कारण बहुतेकांची थोडीफार कोरडवाहू होती. मग फळ्यावर यायचं, ‘पेरणीसाठी आठ दिवस गावी. घराकडे लक्ष असू द्यावे.’ पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचा तान्हा पोळा, त्याची वेळ. नवरात्रात दुर्गादेवी पाहायला बाहेरगावचे एवढे पाहुणे येत की डावी बाजू पुरायची नाही. दिवाळीआधी कर्मचारी पतसंस्थेचा लाभांश, संक्रांतीनंतर हळदीकुंकवाचे वार. उन्हाळ्यात नळ किती दिवसांआड आणि कोणाच्या अंगणात कुरड्या. आणि ३० जूनला एकदम दोन-तीन निवृत्त्या! त्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजी बहुतेकांची जन्मतारीख १ जुलै लिहून मोकळे होत. त्यामुळे वाढदिवस एकत्र आणि निरोप समारंभही एकत्र.

मी नववीत असतानाची एक गोष्ट. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारे एक सर होते. जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे, तेही कित्येक महिन्यांनी. सुट्टीत काहीच नाही. ते क्वार्टरमध्ये राहत नव्हते, मागच्या गल्लीत एक खोली घेऊन एकटेच असत. त्यांना कावीळ झाली. बाबांनी फळ्यावर लिहिलं, ‘सर आजारी. पथ्याचा डबा हवा.’

वसाहतीतले एक काका म्हणाले, “अहो, ते आपल्या स्टाफवर कुठे आहेत? त्यांची बातमी इथं काऊन?”

बाबा एवढंच म्हणाले, “कागद आला ना माझ्याकडे? मग मले नोंद घ्याच लागते.”

दुसऱ्या दिवसापासून डबे सुरू झाले. वार ठरले. मी आणि माझी मैत्रीण, जी आत्ता समोर बसून हसते आहे, आम्ही महिनाभर मुगाची खिचडी पोचवली. ज्या काकांनी विचारलं होतं, त्यांच्याकडे गुरुवार होता.

पुढे मी इंजिनिअरिंगला पुसदला गेले. त्या रविवारी बाबांनी उजवीकडे लिहिलं, ‘लेक, पुसद, शिक्षणासाठी.’ मग पुणं, नोकरी, संसार. फळा कधी उतरला ते मला माहीतही नाही.

आता फोनवर सगळं आहे. मी त्याला नावं ठेवणार नाही, माझं पोट त्यावरच आहे. २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटले, तेव्हा टँकर कुठे आला हे आईला ग्रुपवरच कळायचं. पण कॉलेजच्या लोकांचे ग्रुप आता चार आहेत. प्राध्यापकांचा वेगळा, शिक्षकेतरांचा वेगळा, पेन्शनरांचा वेगळा आणि तासिकावाल्यांचा वेगळा. एका ग्रुपमधला माणूस आजारी पडला तर दुसऱ्याला पत्ता नसतो.

आणि आपला ग्रुप? आपल्यातला एक मित्र बरीच वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतो आहे. त्याला विचारूनच सांगते आहे. दोन वर्षांपूर्वी एका रात्री त्यानं आपल्या ग्रुपवर लिहिलं, ‘नागपुरात कोणी आहे का?’ बस, एवढंच. त्याची बायको दवाखान्यात होती, रक्त हवं होतं. सकाळपर्यंत त्यावर गुड मॉर्निंगची फुलं येऊन पडली. मी तो मेसेज वाचला होता. मला वाटलं, नागपुरातले कोणीतरी उत्तर देतील. नागपुरातल्यांना वाटलं असेल, कोणीतरी दिलं असेल. खरी हकीकत मला आठ महिन्यांनी कळली. वहिनी आता बऱ्या आहेत, आज इथं आल्याही आहेत. पण ती रात्र त्यानं एकट्यानं काढली.

लाखो लोकांच्या फोनवर वेळेत संदेश पोचावेत, हे माझं रोजचं काम. मी घरी आले तेव्हा बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, “त्याले पोच कोणी दिली?”

मी म्हटलं, “बाबा, वाचल्याची निळी खूण येते.”

“ते त्या मशिनीनं दिली पोरी. तू काय दिलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून आज एक विनंती. आपल्या तुकडीचा दर महिन्याला एक बारनिशी लिपिक ठरवू या. पहिला महिना माझा. ज्यानं काही विचारलं, कळवलं, त्याला त्या महिन्याच्या माणसानं फोन करायचा. मदत जमेल किंवा जमणार नाही, पण ‘तुझा कागद मिळाला’ एवढं त्याला त्याच दिवशी कळलं पाहिजे. यादीत आपल्या शाळेचे निवृत्त शिपाई काका आणि बाईही असतील. जे ग्रुपवर नाहीत, ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांची नावं कृपया मला आज जेवणाच्या वेळी लिहून द्या. मी वही आणली आहे. मधोमध रेघ ओढलेली आहे.

आणि मित्रा, तुझ्या मेसेजची पोच दोन वर्षं उशिरा देते आहे. मिळाला रे. चूक झाली.