निवड आणि निवडणूक : त्रिपुरीचा धडा

(नेपियर टाउन, जबलपूर येथे वाचकांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



अमेरिकन राज्यपद्धतीवरील ज्या पुस्तकाचा अनुवाद मी नुकताच हातावेगळा केला, त्यात एक प्रश्न वारंवार डोके वर काढतो. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाने जो उमेदवार उभा करावयाचा, तो पक्षातील जाणत्या पुढाऱ्यांनी ठरवावा की सामान्य मतदारांनी? अनुवाद करताना मी प्रथम अडलो तो शब्दापाशी. घरातील जाणती बाई सूप घेऊन तांदळातील खडे वेचते, तेही निवडणे. आणि हजारो माणसे मत देऊन एकाला पुढे करतात, तेही निवडणे. पहिली निवड, दुसरी निवडणूक. धातू एकच असला, तरी दोन्ही क्रियांमागील अधिकार सर्वस्वी भिन्न आहेत.

हा भेद समजून घेण्यासाठी आपणांस समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. येथून काही कोसांवर, तेवर या गावाच्या परिसरात, कलचुरींची प्राचीन राजधानी त्रिपुरी होती. तिच्याच नावाने मार्च १९३९ मध्ये नर्मदाकाठी काँग्रेसचे ५२ वे अधिवेशन भरले. शहरातील कमानिया दरवाजा त्याचेच स्मारक होय. त्या काळी काँग्रेसच्या अध्यक्षालाच लोक ‘राष्ट्रपती’ म्हणत, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

हा राष्ट्रपती ठरत असे कसा? आरंभीच्या काळात अधिवेशनाची स्वागत समिती नाव सुचवी. त्या पद्धतीतही वाद होतच. १९०७ साली नागपूरला भरावयाचे अधिवेशन अशाच वादापायी सुरतेस हलविले गेले आणि तेथे ते उधळले, हे मराठी वाचकांस सांगावयास नको. पुढे घटना बदलली. चार आणे वर्गणी भरणाऱ्या सभासदांनी प्रतिनिधी निवडावेत आणि प्रांतोप्रांतींच्या त्या प्रतिनिधींनी मत देऊन अध्यक्ष ठरवावा, असा नियम झाला. परंतु व्यवहारात नाव आधीच ठरे, बाकीचे उमेदवार माघार घेत आणि मतपेटीची वेळच येत नसे. सुपातील निवड आटोपल्यावर निवडणुकीला उरणार काय?

१९३९ च्या जानेवारीत हा रिवाज मोडला. सुभाषचंद्र बोस यांनी दुसऱ्यांदा उभे राहण्याचे ठरविले. मौलाना आझादांनी माघार घेतली व डॉ. पट्टाभि सीतारामय्या रिंगणात राहिले. तेव्हा वल्लभभाई पटेल, राजेंद्रप्रसाद, आपले शंकरराव देव आदी कार्यकारिणीच्या सभासदांनी पत्रक काढून सुभाषबाबूंस बाजूस होण्याची विनंती केली. त्यांचे म्हणणे असे की, अध्यक्ष हा सभेचा प्रमुख आहे, धोरण तो ठरवीत नाही. म्हणून त्याची निवड एकमताने व्हावी. सुभाषबाबूंचे उत्तर नेमके उलट होते. अध्यक्षाचे स्थान आता पंतप्रधानासारखे किंवा आपले मंत्रिमंडळ स्वतः नेमणाऱ्या अमेरिकन राष्ट्राध्यक्षासारखे आहे, असे ते म्हणाले. म्हणजे माझ्या पुस्तकातील प्रश्न आठ दशकांपूर्वीच आपल्या दाराशी येऊन गेला होता!

२९ जानेवारीस मते पडली. सुभाषबाबूंना १५८०, पट्टाभींना १३७७. पट्टाभींचा पराभव हा त्यांच्यापेक्षा माझाच अधिक, असे गांधीजींनी जाहीर केले. फेब्रुवारीत पटेलांसह कार्यकारिणीच्या बहुतेक सभासदांनी राजीनामे दिले. मार्चमध्ये ५२ हत्तींची मिरवणूक निघाली. तिच्यात राष्ट्रपतींचे छायाचित्र होते, राष्ट्रपती नव्हते. ते तापाने फणफणलेले, अधिवेशनास स्ट्रेचरवरून आले. गोविंदवल्लभ पंतांचा ठराव तेथे संमत झाला : अध्यक्षाने आपली कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. गांधीजी त्या वेळी राजकोटास होते. तडजोड निघाली नाही, आणि २९ एप्रिलला कलकत्त्यात सुभाषबाबूंनी राजीनामा दिला.

ही कथा आपण बहुधा एका बाजूने सांगतो. पुढाऱ्यांनी लोकमत पायदळी तुडविले, असे म्हणून मोकळे होतो. पण जानेवारीत कौल देणारे प्रतिनिधीच मार्चमध्ये पंतांच्या ठरावाच्या बाजूने कसे गेले, किंवा समाजवाद्यांप्रमाणे तटस्थ कसे राहिले? मला वाटते, त्यांना सुभाषबाबू हवे होते आणि गांधीजींचे नेतृत्वही हवे होते. मतपत्रिकेने त्यांस पहिला प्रश्न विचारला, दुसरा विचारलाच नाही. ज्यांच्या खांद्याला खांदा लावून अध्यक्षास काम करावयाचे, त्यांचे सहकार्य मतमोजणीतून आपोआप निर्माण होत नाही. पुढाऱ्यांच्या बाजूचे हे सत्य नाकारून चालणार नाही.

अमेरिकेतही हाच लंबक हलताना दिसतो. १९६८ मध्ये एकही प्राथमिक निवडणूक न लढविता ह्यूबर्ट हम्फ्री डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. असंतोष उसळला, नियम बदलले, मतदारांस अधिकार मिळाला. १९७२ मध्ये नव्या पद्धतीने आलेले जॉर्ज मॅकगव्हर्न ५० पैकी ४९ राज्यांत हरले. मग पुढाऱ्यांसाठी राखीव जागा आल्या. आणि २०१८ मध्ये, चुरस असल्यास पहिल्या फेरीत त्यांनी मत देऊ नये, असा निर्बंधही आला.

येथे एक कबुली द्यावीशी वाटते. एका संस्थेच्या कार्यकारिणीत मी काही वर्षे होतो. ‘आपली निवडणूक नेहमी बिनविरोध होते’ याचा आम्हांस फार अभिमान. एके वर्षी एका तरुण सभासदाने अर्ज भरला. मीच त्याच्या घरी गेलो, चहा घेतला, संस्थेच्या परंपरेचे गोडवे गाइले आणि त्याला अर्ज मागे घ्यावयास लावले. त्यानंतर तो संस्थेत फिरकला नाही. निवडणूक होऊन तो हरला असता, तर कदाचित राहिला असता. एकमत आम्ही मिळविले, एक माणूस गमावला. पुढे त्रिपुरीचा वृत्तांत वाचताना ते चहाचे पेले मला आठवत राहिले.

तेव्हा माझे मत असे आहे. जाणत्यांना बोलण्याचा हक्क आहे, किंबहुना ते त्यांचे कर्तव्यच आहे. पण ते मत पडण्यापूर्वी आणि उघडपणे. त्या दृष्टीने जानेवारीचे ते पत्रक मला गैर वाटत नाही. ते सर्वांसमक्ष होते. गैर घडले ते नंतर : कौल मिळाल्यावर निवडलेल्या माणसाचे हात बांधण्यात. ज्याला निवडावयाचे त्याला सहकारी निवडण्याची मोकळीक द्यावी. ती द्यावयाची नसेल, तर तसे आधी सांगावे. आणि मतदारानेही, आपण नाव निवडतो आहोत की धोरण, हे मत देण्यापूर्वी स्वतःस विचारावे.

या धड्याचा विसर लवकर पडला. १९५० साली पुरुषोत्तमदास टंडन हे कृपलानी आणि शंकरराव देव यांना हरवून काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पण नेहरूंशी न जुळल्याने दुसऱ्याच वर्षी त्यांस पद सोडावे लागले. आणि त्रिपुरीच्या निवडणुकीत हरलेले पट्टाभि १९५२ मध्ये मध्यप्रदेशचे, म्हणजे या जबलपूरचेही, राज्यपाल झाले. तेही मताने नव्हे, नेमणुकीने.

तांदूळ निवडणारी बाई खडे बाजूला काढते, कारण पुढे तो भात तिलाच रांधावयाचा असतो. तिचा हक्क मला मान्य आहे. पण ताटावर बसणाऱ्यांस विचारल्यावाचून काय शिजवायचे हे ठरविणे, आणि विचारल्यावर त्यांचे उत्तर बाजूस ठेवणे, यांपैकी दुसरा अपमान अधिक मोठा आहे, एवढेच मला सांगावयाचे होते.