शाळेचे पटांगण आणि शेवटचा धावणारा
(महाजन कुटुंबांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचा पाठ)



मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि खानापुरावरून पुढे सौंदत्तीकडे जाते, हे या तालुक्यातील प्रत्येक शाळकरी मुलास तोंडपाठ असते. तोच मुलगा शाळेच्या पटांगणाला न थांबता चार फेऱ्या घालू शकतो काय, हा प्रश्न मात्र त्याला कोणत्याही परीक्षेत विचारला जात नाही. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय या न विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाशी निगडित आहे.

शाळा भरण्यापूर्वी किंवा सुटल्यानंतर, शाळेच्याच पटांगणावर, एक पैही न घेता, गावातील कोणा जाणत्या व्यक्तीने मुलामुलींना तासभर धाववावे, जोर-बैठका शिकवाव्यात, खो-खो खेळवावा, एवढाच या कार्याचा व्याप. ऐकताना ते किरकोळ भासते. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१९ साली १४६ देशांतील शाळकरी मुलांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध केली, तेव्हा अकरा ते सतरा वयाच्या शंभरांपैकी एक्क्याऐंशी मुले पुरेशी हालचाल करीत नाहीत असे आढळून आले. मुलींचे प्रमाण तर पंच्याऐंशी होते. पुरेशी म्हणजे किती, तर दिवसाकाठी साठ मिनिटे. सह्याद्रीच्या कुशीतील मुलाला शाळेपर्यंतच चढउतारांची वाट तुडवावी लागते, त्याला व्यायामाची काय गरज, असे पूर्वी म्हटले जाई. त्या वाटेवर आता एस.टी. आहे, वडिलांची मोटारसायकल आहे, आणि संध्याकाळी हातात मोबाइल आहे.

महाजन परंपरेला हा विषय परका नाही. बलोपासना आणि देवालय यांची सोयरीक या भूमीत जुनी आहे. समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी मनपाडळे व पारगाव येथील मारुती शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात आहेत, आणि गावोगावच्या मारुती मंदिराला लागून तालीम हे दृश्य सीमाभागात आजही विरळ नाही. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद व लिंबाचा रस कालवून हौदा तयार करणारे वस्ताद नारळाखेरीज फारसे काही घेत नसत. खानापूरची माती कौलांसाठी व कुंभारकामासाठी प्रसिद्ध आहे. माती मळणे म्हणजे काय, हे येथील माणसाला निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

तथापि आखाड्यात जाणारा मुलगा मुळातच धष्टपुष्ट असे. दुबळा मुलगा कुंपणाबाहेरून पाहत राही, आणि मुलींनी तर तिकडे फिरकूही नये असा दंडक होता. आखाड्याच्या गौरवगाथेत ही उणीव सहसा झाकली जाते. ती भरून काढण्याचा विचार ज्यांनी केला, त्यांची नावे या निमित्ताने आदराने घेतली पाहिजेत. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले. त्या संस्थेच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळाची स्थापना केली, तर दादरला काळे गुरुजींनी १९२५ साली समर्थ व्यायाम मंदिर काढले. त्याच समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब शिकविण्यात अवघे आयुष्य वेचणारे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. अंध, अनाथ, आदिवासी, वृद्ध, स्त्रिया अशा ज्यांना आखाड्याने दार लावले होते, त्यांच्यासाठी त्यांनी ते उघडले.

शाळेपुरते पाहिले तर औंध संस्थानचे उदाहरण अधिक बोलके आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. राजाज्ञेने नमस्कार घालावयास लावणे सोपे. परंतु हा राजा वृद्धापकाळापर्यंत स्वतः पहाटे नमस्कार घालीत असे आणि ठिकठिकाणी उभा राहून ते करून दाखवीत असे. जो स्वतः करतो त्याच्यामागून मुले करतात, आणि जो शिट्टी घेऊन खुर्चीवर बसतो त्याच्याकडे मुले केवळ पाहतात, एवढे औंधच्या प्रयोगातून निःसंशय सिद्ध झाले.

बेळगावलाही याची ओळख होती. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर यांच्या हिंदुस्थानी सेवा दलाच्या तरुणांनी स्वयंसेवकांची व्यवस्था सांभाळली. शिस्तबद्ध कवायत आणि निरपेक्ष सेवा एकाच अंगात कशी नांदू शकते, ते त्या तरुणांत लोकांना दिसले. पुढे मुंबई सरकारने १९३८ मध्ये कांदिवलीस व्यायामशिक्षकांचे विद्यालय सुरू केले. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता.

एवढी परंपरा असूनही लहान गावातील प्राथमिक शाळेस स्वतंत्र व्यायामशिक्षक क्वचितच लाभतो. जेथे तो आहे, तेथेही परीक्षा जवळ आली की व्यायामाचा तास गणिताच्या पोटात जातो. यात शिक्षकांचा दोष काढण्यात अर्थ नाही. एकाच गुरुजींनी तीन वर्ग सांभाळून वर मुलांना धाववावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. येथे स्वयंसेवकाची जागा निर्माण होते.

सीमाभागातील रस्त्यांवर पहाटे धावणारे तरुण सर्वांच्या परिचयाचे आहेत. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असल्याने सैन्यभरती हे या भागातील घराघराचे स्वप्न. भरतीच्या वेळी १.६ किलोमीटर अंतर साडेपाच मिनिटांच्या आत कापणाऱ्यास धावण्याचे पूर्ण साठ गुण मिळतात, आणि दहा वेळा दांडीवर अंग उचलणाऱ्यास उरलेले चाळीस. साडेसतराव्या वर्षी ही परीक्षा देता येते. पण तयारी पुष्कळदा जाहिरात आल्यावर सुरू होते. चार महिन्यांत पाय तयार होतात, छाती होत नाही. मग नडगी दुखते, गुडघा सुजतो, आणि अर्ध्या मिनिटाच्या फरकाने मुलगा परत येतो. त्या अर्ध्या मिनिटाचा हिशेब घरी वर्षानुवर्षे चालतो. दहाव्या वर्षापासून रोज पंधरा मिनिटे जो खेळत धावला, त्याला हे अर्धे मिनिट शोधावे लागत नाही. अर्थात प्रत्येक मुलास शिपाई करणे हा या कार्याचा हेतू नव्हे. भरतीत न निवडल्या जाणाऱ्या शेकडो मुलांचे शरीर कोणाच्या जबाबदारीवर, हा खरा प्रश्न आहे.

दूरदेशीचे दोन दाखले येथे उपयोगी पडतील. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग गावच्या सेंट निनियन्स प्राथमिक शाळेत २०१२ साली मुख्याध्यापिका एलेन वायली यांनी एका वर्गास पटांगणाला फेरी घालावयास सांगितले. बहुतेक मुले एका फेरीतच दमली. तेव्हापासून रोज पंधरा मिनिटे, शाळेच्याच कपड्यांत, कोणतीही स्पर्धा न लावता धावण्याचा वा चालण्याचा परिपाठ त्यांनी सुरू केला आणि महिन्याभरात मुलांचा दम वाढला. हा उपक्रम पुढे अनेक देशांत पसरला. त्यास खर्च शून्य.

दुसरा दाखला लंडनच्या बुशी पार्कमधला. तेथे २००४ साली पॉल सिंटन-ह्युइट यांनी तेरा जणांना घेऊन दर शनिवारी पाच किलोमीटर धावण्याचा विनामूल्य प्रघात पाडला. मुलांसाठी रविवारची दोन किलोमीटरची धाव २०१० पासून आली. वेळ नोंदणारे, वळणावर उभे राहणारे, सर्वजण स्वयंसेवक असतात. त्यांतील एक कामगिरी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. एक स्वयंसेवक हेतुपुरस्सर सर्वांच्या मागून चालतो. त्यामुळे भाग घेणारा कोणीही शेवटचा ठरत नाही. शेवटचा तो स्वयंसेवकच.

या कामगिरीकडे खानापूरच्या दृष्टीने पाहावे. पटांगणावर पुढे धावणारा मुलगा कोणाच्याही मदतीवाचून धावेल. दम्याने धापा टाकणारा, लठ्ठपणामुळे चिडविला जाणारा, वा शेतावरच्या कामाने आधीच थकलेला मुलगा मागे रेंगाळतो, आणि आठवडाभरात येईनासा होतो. त्याच्या बाजूने एक प्रौढ माणूस गप्पा मारीत चालत राहिला, तर तो येत राहतो. निवृत्त फौजी, सेवानिवृत्त शिक्षिका, बँकेतला कारकून, कोणीही हे करू शकेल, आणि पन्नाशीनंतर डॉक्टर जे चालावयास सांगतात, तेही आपोआप साधेल.

काही व्यावहारिक गोष्टी स्पष्ट सांगणे अगत्याचे आहे. मुख्याध्यापकांची व शाळा समितीची लेखी परवानगी आणि पालकांची संमती यांवाचून एक दिवसही काम करू नये. मुलांबरोबर नेहमी दोन प्रौढ असावेत, एकट्याने कोणासही मुले सोपवू नयेत. हा संशयाचा नव्हे, रीतीचा भाग आहे. दमा किंवा हृदयाची तक्रार असलेल्या मुलांची नोंद हजेरीपटातच असावी. उपाशीपोटी आलेल्या मुलास जोराने धाववू नये. कर्नाटकातील सरकारी शाळांत २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेचे दूध मिळते, परंतु ते शाळा भरल्यावर. पहाटेच्या वर्गासाठी गूळ-शेंगदाण्यांची पुरचुंडी कोणा महाजनाने पाठविली तर ती प्रभावळीइतकीच देवाला पोहोचेल. बुटांचा आग्रह धरू नये. ज्याच्याकडे बूट नाहीत तो पहिल्याच दिवशी मागे फिरतो. पटांगणावरचे खडे व काचा वेचण्याचे काम स्वयंसेवकाने आधी येऊन करावे.

फी लावावी की नाही, हा वाद वारंवार निघतो. फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत राहत नाही, महिना दहा रुपये तरी घ्यावेत, असे सुज्ञ लोकही सांगतात. हा युक्तिवाद शहरातील व्यायामशाळेस शोभेल. शाळेच्या पटांगणावर दहा रुपये न आणणारा मुलगा आळशी नसतो, तो नेमका गरजू असतो. आणि फीच्या वहीत नाव नसल्याची लाज त्याला व्यायामापासून कायमची तोडते. किंमत घ्यावयाचीच असेल तर ती वेळेवर येण्याची घ्यावी.

मुलींसाठी एक तरी स्त्री स्वयंसेविका हवी, अन्यथा सातवीनंतर मुली दिसेनाशा होतात. बेळगावजवळच्या तुरमुरी गावची, नदीचेच नाव धारण करणारी मलप्रभा जाधव हिने २०१८ मध्ये जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत कुराश या कुस्तीप्रकारात कांस्यपदक मिळविले. तिच्या पदकाचे सत्कार पुष्कळ झाले असतील. तिच्या वयाच्या इतर मुलींना संध्याकाळी पटांगणावर येण्यास घरून परवानगी मिळते काय, याची चौकशी त्या मानाने कमीच झाली.

अशी मंडळे बंद पडतात ती पैशाअभावी नव्हे. उद्घाटनाला हार, टोप्या, छापील बनियन असतात. तिसऱ्या महिन्यात ज्याच्यावर सारे अवलंबून होते त्या एकाच माणसाची बदली होते, किंवा त्याच्या घरी लग्नकार्य निघते, आणि सकाळी सहाला आलेली मुले बंद फाटकासमोर थांबून परत जातात. असे दोनदा झाले की ती पुन्हा येत नाहीत. म्हणून आरंभीच चौघांनी वार वाटून घ्यावेत आणि फाटकाची किल्ली दोघांकडे असावी. मुंबई-पुण्याला वा गोव्यात स्थायिक झालेली, जत्रेपुरती येणारी महाजन मंडळी ही जबाबदारी उचलू शकणार नाहीत. त्यांनी ती गावात राहणाऱ्या कुळाव्यांवर विश्वासाने सोपवावी, आणि गावी आल्यावर दोन सकाळी मुलांबरोबर चालावे. पालखीला खांदा द्यावयास तरुण मिळत नाहीत, अशी कुजबूज अनेक देवस्थानांत ऐकू येते. त्या कुजबुजीचे उत्तर कदाचित याच पटांगणावर सापडेल.

राहता राहिला पावसाळा. खानापूरचा पाऊस ज्याने पाहिला आहे, तो विचारील की मृगापासून हस्तापर्यंत या साऱ्याचे काय करावयाचे. पटांगण चिखलाने भरते, शाळेची पडवी गळते, आणि चार महिन्यांच्या खंडात वर्षभराची सवय वाहून जाते. सूर्यनमस्काराला, बैठकांना, जागच्या जागी धावण्याला कोरडी फरशी आणि डोक्यावर छप्पर, एवढेच पुरते. सकाळची आरती झाल्यापासून नैवेद्याची वेळ होईपर्यंत देवळाचा सभामंडप रिकामाच असतो.